टेकसरांचा भाऊ

आमच्या ह्यांना सगळे टेकसर म्हणतात. खरं नाव विजेच्या बिलावर आहे आणि ते तिथंच बरं आहे, बाहेर त्याचा कुणाला उपयोग नाही. क्लास कुठं आहे म्हणून कुणी खाली विचारलं की सायकलच्या दुकानातला म्हातारा पंक्चर काढता काढता नुसतं बोट वर करतो. मला टेकबाई म्हणायचा प्रयत्न एका विद्यार्थ्यानं केला होता. एकदाच केला.

लग्न झालं तेव्हा हे एका संस्थेत टायपिंग शिकवायचे. पुढं कॉम्प्युटर आले, संस्थेला कुलूप लागलं आणि हे घरी बसले. घरी बसलेला नवरा म्हणजे काय ते ज्यांनी भोगलंय त्यांना मी वेगळं सांगायला नको. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसते. दिवसभर नळाला पाणी नाही म्हणून लोक माझ्यावर खेकसायचे, आणि संध्याकाळी घरी यावं तर हे भाजीत मीठ कमी म्हणून तोंड वाकडं करून बसलेले. शेवटी मीच म्हणाले, तुम्हाला इंग्रजी येतं ना, मग ते तरी लोकांना शिकवा, माझं डोकं नका खाऊ. संस्थेतले बाक भंगारात जाणार होते ते बाहेरच्या खोलीत आणून टाकले, भिंतीवर एक फळा ठोकला, स्वयंपाकघराच्या दाराला पडदा लावला आणि क्लास सुरू झाला.

शिकायला येणारी माणसं साधी. हॉस्पिटलातली नर्स, बँकेच्या दारातला गार्ड, लग्नानंतर परदेशी जायची म्हणून धास्तावलेली एक मुलगी, टायरच्या दुकानातला सेल्समन. ह्यांचं म्हणणं असं की इंग्रजी बोलायला हजारो शब्द लागत नाहीत, मूठभर क्रियापदं नीट आली की पुरे, आणि त्यातलं पहिलं टेक. टेक म्हणजे घेणे, एवढं शाळेत घोकून आलेल्या माणसाला हे पहिल्याच दिवशी चक्रावून टाकत. चहा टेक, औषध टेक, बस टेक, फोटो टेक. अंगातला कोट उतरवला तरी टेक ऑफ आणि विमान उडालं तरी टेक ऑफ. आपण चहा घेतो, बस पकडतो, फोटो काढतो, दर वेळी नवं क्रियापद वापरतो. इंग्रज सगळीकडे एकच चालवतो. परीक्षा तर आपण देतो आणि तिकडं विद्यार्थी ती टेक करतो, म्हणजे घेतो, यावर ह्यांचा अख्खा तास जायचा. गार्ड म्हणाला होता, "सर, मग तिकडं देतं कोण?" त्यावर वर्ग इतका हसला की मी पडद्याआड हातातली कणीक ठेवून बाहेर डोकावले.

ह्यांचा एक नियम होता. प्रत्येक अर्थाला एक वाक्य, आणि ते वाक्य खरं पाहिजे. पुस्तकातला मुलगा पुस्तकातला चेंडू घेतो, ते कुणाच्या लक्षात राहत नाही. घडलेलं वाक्य डोक्यात चिकटून बसतं. त्यामुळे सुरुवातीला सगळी वाक्यं आमच्या घरातलीच. 'माय वाइफ टेक्स नो नॉन्सेन्स' हे माझ्यावरचं. माझी बायको फालतूपणा खपवून घेत नाही. ते मी खपवून घेतलं.

पण ह्यांच्या आयुष्यात घडून घडून घडलं काय? टायपिंग आणि मी. दहा-पंधरा वाक्यांत माणूस संपला. आणि अर्थ तर फळ्यावर मावत नव्हते. मग वाक्यांत भाऊजी आले.

भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात, पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. ह्यांच्या वाट्याला जेवढं घडलं नाही तेवढं सगळं भाऊजींच्या वाट्याला आलं. लहानपणी घरातला रेडिओ खोलून बसले आणि पुन्हा जोडता आला नाही. मोठेपणी भागीदारीत दुकान टाकलं, भागीदारानं गंडवलं. मग काही काळ प्यायला लागले, त्या दिवसांत बायकोला फार त्रास दिला, मग एका दिवशी कुणाला न सांगता सोडली ती सोडलीच. दर रविवारी आमच्याकडे यायचे, तीन चमचे साखरेचा चहा प्यायचे, ह्यांच्याशी घरचं-दारचं बोलायचे आणि जाता जाता माझं काहीतरी बिघडलेलं दुरुस्त करून जायचे. रविवारी क्लासला सुट्टी, म्हणून क्लासनं भाऊजींना कधी पाहिलं नव्हतं. दोघं भाऊ तसे भाऊ वाटतही नाहीत. हे वडिलांवर गेलेत, लांबोडके. भाऊजी मामावर, ठेंगणे आणि गोल. आडनाव आमचं असं की गल्लीत हाक मारली तर चार दारं उघडतात.

'माय ब्रदर टेक्स आफ्टर अवर अंकल' इथून हे सुरू झालं. मग रेडिओ आला, मग भागीदार, मग बाटली. विद्यार्थ्यांना तो भाऊ इतका आवडला की ते मालिकेची वाट पाहिल्यासारखी पुढच्या वाक्याची वाट पाहायचे. "सर, भावाचं नवीन काही?" असं सेल्समन दारातूनच विचारायचा. नवा माणूस क्लासला आला की जुन्यांनी उभं राहून टेकची सगळी वाक्यं, आधी इंग्रजीत आणि मागोमाग मराठीत, एका सुरात म्हणून दाखवायची, हा रिवाज पडला. त्याला बाराखडी म्हणत. बाराखडी झाली की नव्यानं घरचं एक वाक्य करायचं, मग टाळ्या.

मी रोज पोळ्या लाटता लाटता ती बाराखडी ऐकत होते. मलाही पाठ होती. मला कधी वाटलं नाही का, की हे भाऊजी आहेत? खरं सांगते, नाही वाटलं. वाक्य पाठ झालं की त्यातला माणूस दिसेनासा होतो.

एका रविवारी भाऊजी चहाचा कप ठेवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात आले. उगाच नळ उघडून बंद करून पाहिला. मग म्हणाले, "वहिनी, या वयात इंग्रजी येईल का हो?"

"कुणाला?"

"मलाच."

मोठ्या हॉस्पिटलात इलेक्ट्रिशियनची जागा निघाली होती. पक्की नोकरी, गणवेश, आजारपणाची रजा. काम भाऊजींच्या हातचा मळ, पण वरचे इंजिनिअर बाहेरचे होते, ते मुलाखत इंग्रजीत घेणार होते आणि रोजचं कामही त्यांच्याशी इंग्रजीत बोलून करायचं होतं. भाऊजी म्हणाले, "दादाच्या क्लासात मागं बसलो असतो. पण दादाला लाज वाटेल का, विद्यार्थ्यांसमोर? भाऊ असा अडाणी म्हणून?"

मी म्हणाले, "लाज वाटायला काय झालं? उद्यापासून या."

ते गेल्यावर मी मोठ्या उत्साहानं ह्यांना सांगितलं, तर ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. बाक भरलेत म्हणाले. बाक रिकामे होते. मग म्हणाले, त्याला नाही झेपायचं. मग म्हणाले, पुढच्या तुकडीत बघू. आता माझं डोकं फिरलं. म्हटलं, "रस्त्यावरचा कुणीही येऊन तुमच्याकडे शिकून जातो आणि सख्खा भाऊ तुम्हाला जड झाला? टायपिंगच्या मास्तराला एवढा ताठा कशाचा?"

हे पलंगाच्या कडेला बसले. खाली बघत म्हणाले, "तो आला तर त्याच्यासमोर बाराखडी म्हणतील ते."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तरी मी म्हणाले, "रेडिओ, साखर, यात काय एवढं? हसतील भाऊजी. पिण्याचं तेवढं वाईट आहे. आणि ते चोर समजून बांधल्याचं. पण ते काही खरं नाही, ते तुम्ही रचलेलं."

हे चादरीची कड बोटाला गुंडाळत बसले.

"रचलेलंच ना?"

"मी वाक्य रचत नाही," हे म्हणाले.

मग सांगितलं. भाऊजींना एकदा एका मोठ्या इमारतीत पंखा लावायला बोलावलं होतं. भरदुपारची वेळ, बोलावणारा घरी पोहोचलेला नव्हता. भाऊजी पिशवीत पकड, पाने, स्क्रूड्रायव्हर घेऊन जिन्यात थांबले. आदल्याच आठवड्यात तिथं घर फुटलं होतं. कुणीतरी पिशवी उघडून पाहिली आणि आरडाओरडा केला. लोकांनी त्यांना जिन्याच्या कठड्याला बांधलं. बायकापोरांदेखत मारलं. बोलावणारा माणूस आला तेव्हा सोडलं, आणि पंखा तेवढा लावून जा म्हणाले. भाऊजींनी पंखा लावला. घरी येऊन बायकोला सांगितलं शिडीवरून पडलो. जगात फक्त ह्यांना खरं सांगितलं, बाही वर करून दोरीचे वळ दाखवले आणि म्हणाले, दादा, हे तुझ्यापाशीच राहू दे.

"आणि तुम्ही फळ्यावर लिहिलंत," मी म्हणाले.

"टेक फॉरला वाक्यच मिळत नव्हतं गं," हे म्हणाले. "टेक फॉर म्हणजे एकाला दुसराच समजणं. सगळी वाक्यं पुस्तकी होत होती. वर्ग तोंडाकडे बघत होता. पटकन निघून गेलं तोंडातून. नाव तर मी घेतलं नव्हतं."

मी माझ्या नवऱ्यावर आयुष्यात पुष्कळदा चिडले आहे. पण त्याची शिसारी आली ती त्या दिवशी. मी उठून पोळ्या करायला गेले. तवा तापून धूर निघाला तरी माझं लक्ष नव्हतं.

पुढचे काही दिवस ह्यांनी वाक्यं बदलून पाहिली. 'माय ब्रदर'च्या जागी 'माय नेबर' घातला. पडद्याआडून मी ऐकत होते. हे म्हणाले, "माय नेबर टुक टू ड्रिंक. शेजारी प्यायला लागला." लगेच पाच-सहा आवाज, "सर, ब्रदर!" हे म्हणाले, शेजारी म्हटलं तरी चालतं. नर्स म्हणाली, "नाही चालत सर. तुम्हीच सांगता ना, वाक्य खरं पाहिजे." गार्डनं तर विचारलं, "सर, भावाशी भांडण झालं का?" दुसरी वेळ असती तर मी हसून लोळले असते.

मग ह्यांनी तोड काढली. भाऊजींना म्हणाले, तू रविवारीच ये, तुला एकट्याला शिकवतो, जास्त लक्ष देता येईल. भाऊजींना आनंद झाला. दादा आपल्यासाठी सुट्टी मोडतोय. रविवारी दोघं समोरासमोर बाकावर बसायचे. हे त्यांना गिव्ह शिकवायचे, गो शिकवायचे, टेकच्या वाटेलाही जायचे नाहीत. भाऊजी हुशार निघाले. पंख्याची पाती मोजताना बोलावं तसं ठाय लयीत बोलायचे, पण चुकायचे नाहीत. हे इतके मन लावून शिकवत होते की मला वाटलं, निभावलं बहुतेक. माणसाला सुटलो असं वाटायला किती कमी कारण पुरतं.

एका संध्याकाळी दाराची कडी वाजली. क्लास नुकताच सुरू झाला होता. मी दार उघडलं तर भाऊजी. कामावरून तसेच आलेले, केस पाणी लावून चापून बसवलेले, हातात नवी वही.

"मुलाखत चारचौघांसमोर असते वहिनी," ते हळूच म्हणाले. "चारचौघांत बोलायची सवय नको का? दादाला सांगितलं नाही. बघतोच म्हटलं कसा चेहरा होतो त्याचा."

मी म्हणाले, "भाऊजी, आज नको." एवढंच म्हणाले. पुढं काय कारण द्यावं ते सुचायच्या आत ते माझ्या बाजूनं आत गेले आणि शेवटच्या बाकावर बसले.

ह्यांच्या हातात खडू होता. तो तसाच फळ्यावर टेकलेला राहिला. भाऊजी गालात हसले, ओळख दाखवली नाही, गंमत म्हणून. नर्स वर्गातली सगळ्यांत जुनी. ती उठली आणि म्हणाली, "सर, नवीन विद्यार्थी. बाराखडी."

"आज बाराखडी नको," हे म्हणाले. "आज नवीन धडा आहे."

"असं कसं सर? रिवाज म्हणजे रिवाज." आणि सगळे धडाधड उभे राहिले. टायरवाला सेल्समन मागं वळून भाऊजींना म्हणाला, "ऐका हं काका, मजा आहे."

मी पडदा धरून उभी होते. ह्यांनी दोन्ही हात वर केले, थांबा म्हणून. वर्गाला वाटलं, सूर धरायला सांगतायत.

आधी साखर आली. माझा भाऊ चहात फार साखर घेतो. भाऊजी हसले, मान डोलावली. माझा भाऊ मामावर गेलाय. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं, डोळ्यांत अजून हसू होतं. भावानं रेडिओ खोलून ठेवला. मला वाटतं तिथपर्यंत त्यांना बरंच वाटत होतं, दादा आपली आठवण काढतो म्हणून. मग भागीदारानं त्याला फसवलं, ही वॉज टेकन इन. तो प्यायला लागला, ही टुक टू ड्रिंक. त्यानं राग बायकोवर काढला, ही टुक इट आउट ऑन हिज वाइफ. भाऊजींचं हसू गेलं नाही, ते तोंडावर नुसतं राहून गेलं, उतरवायचं विसरल्यासारखं. ते वहीकडे पाहू लागले. वही कोरी होती.

हे फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. मास्तर वर्गाकडे पाठ करून उभा, आणि वर्ग खणखणीत आवाजात म्हणतोय, "ही वॉज टेकन फॉर अ थीफ. लोकांनी त्याला चोर समजून बांधलं." एवढं इंग्रजी येत नसतं तरी चाललं असतं. मराठी होतंच.

बाराखडी संपली. सगळे बसले. गार्ड भाऊजींना म्हणाला, "आता तुमचं वाक्य. घाबरू नका हो, सरांसारखं भावावर करायचं, सोपं जातं."

भाऊजी उठले. बाकाची कड घट्ट धरली होती. म्हणाले, "मला भाऊ नाही."

"बरं मग घरचं दुसरं काहीही," नर्स प्रेमानं म्हणाली.

भाऊजींनी थोडा वेळ घेतला आणि अगदी स्वच्छ म्हणाले, "आय टेक नो शुगर."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्याच दिवशी इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं.

तास संपेपर्यंत ते बसून राहिले. मधेच उठून गेले असते तर लोकांनी विचारलं असतं. सगळे उतरून गेल्यावर ते चपला घालू लागले, तेव्हा हे त्यांच्या समोर जाऊन उभे राहिले. मोठा भाऊ, केस पिकलेला.

"छोट्या," हे म्हणाले.

"ती नर्स कुठं कामाला आहे?" भाऊजींनी विचारलं.

ह्यांनी हॉस्पिटलचं नाव सांगितलं. तेच होतं.

भाऊजींनी मान हलवली. "तिथं मला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या देणार आहेत दादा. औषधांच्या भांडाराच्यासुद्धा. त्यांना कळलं की हाच तो चोर समजून बांधलेला, तर देतील?"

"मी उद्याच वर्गात सांगतो. ते खोटं होतं म्हणून सांगतो. माफी मागतो."

"कुणाची? माझी मागशील तर मी कोण ते सांगावं लागेल." भाऊजींचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "काही बोलू नकोस. मला भाऊ नाही म्हणालो ना, ते तसंच राहू दे. तेवढंच कर माझ्यासाठी."

जाताना माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्हालाही पाठ आहे का हो सगळं?"

मी मान खाली घातली.

त्यानंतर रविवार रिकामे झाले. हे दोनदा तिकडं गेले. भाऊजींच्या चपला दारात होत्या आणि जाऊबाई म्हणाल्या, घरी नाहीत. मग त्याच एकदा माझ्याकडे आल्या. "ताई, दोघा भावांचं काय बिनसलं? हे काही बोलत नाहीत. मला वाटतं पुन्हा प्यायला लागतील." मी त्यांच्या हातावर हात ठेवून बसले. काही सांगता येईना, कारण जिन्यातलं त्यांना माहीतच नव्हतं. आमच्या क्लासातल्या प्रत्येकाला जे पाठ होतं ते त्या बिचारीला ठाऊक नव्हतं. त्यांनी आणलेला फळांचा पुडा घेताना मला माझीच किळस वाटली.

बाराखडी ह्यांनी बंद केली. आता मुलगा चेंडू घेतो, मुलगी फूल घेते, असली वाक्यं शिकवतात. वर्ग जांभया देतो. टायरवाला क्लास सोडून गेला. ह्यांनी एकदा धीर करून वर्गाला सांगितलं की ती जुनी वाक्यं विसरून जा. नर्स म्हणाली, "सर, ती मेल्याशिवाय जायची नाहीत डोक्यातून. तुम्ही शिकवलंयच तसं." हे आत येऊन पाणी प्यायले आणि बराच वेळ माठाशी तसेच उभे राहिले. चिडायचं सगळं माझं चिडून झालं होतं, आता नुसती लाज उरली होती, आणि ती एका घरात दोघांना पुरून उरत होती.

भाऊजींना नोकरी मिळाल्याचं आम्हाला नर्सकडून कळलं. "सर, तुमच्याकडे एकच दिवस आलेले ते काका आठवतात? आमच्याकडे लागले. फार चांगला माणूस. जनरेटर बंद पडला तर जेवण टाकून धावतात." हे म्हणाले, "हो का, छान."

पावसाळी हवेत कचेरीच्या जिन्यावरून माझा पाय घसरला आणि मनगट मोडलं. जवळचं हॉस्पिटल तेच. मी म्हणाले दुसरीकडे जाऊ, पण हात भोपळ्यासारखा सुजला होता, रिक्षावाल्यानं ऐकलं नाही. खाली प्लास्टर घातलं तोवर हे धावत येऊन पोहोचले, मग वरच्या मजल्यावर डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. आमची नर्स भेटली, तिनं आपलेपणानं सोबत केली. लिफ्टपाशी आलो तर एक माणूस दाराच्या बाजूची पेटी उघडून काम करत होता. निळा गणवेश, छातीवर नावाची पट्टी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. वळला. भाऊजी.

त्यांची नजर माझ्या हातावर गेली आणि ओठ हलले. मी इतकी वर्षं ऐकलेली हाक त्या ओठांवर आलेली मला दिसली. मग नर्स दिसली त्यांना.

"नमस्कार सर," भाऊजी ह्यांना म्हणाले.

ह्यांनी हात जोडले. धाकट्या भावाला हात जोडले.

"मॅडमचा हात सांभाळा," भाऊजी म्हणाले. किल्ली फिरवून त्यांनी लिफ्टचं दार उघडलं आणि एका हातानं धरून ठेवलं. नर्स कौतुकानं म्हणाली, "यांनी क्लास सोडला ते चुकलंच. सर, तुमच्यासारखं घरच्या माणसागत कोण शिकवतं? ती भावाची वाक्यं काय एकेक होती. खरंच, तुमचा भाऊ काय करतो हो हल्ली? किती दिवसांत काही कळलं नाही त्याचं."

मला वाटलं, हे 'बरा आहे' म्हणतील आणि आत शिरतील. पण हे तिथंच उभे राहिले. नर्सकडे बघत होते, पण बोलत कुणाशी होते ते मला कळत होतं.

"कामाला लागलाय," हे म्हणाले. "चांगलं नाव काढलंय म्हणतात. मी त्याला भेटत नाही. त्यानं एक गोष्ट विश्वासानं सांगितली होती ती मी वाक्य करून तुम्हाला वाटली. लोकांनी त्याला बांधलं तो दिवस त्याचा एकदाच गेला असता. मी रोज संध्याकाळी त्याला बांधत होतो. मला त्याची माफी मागायची आहे. पण तो येत नाही आणि मला कुठं मागता येत नाही."

नर्स गोंधळली. ती म्हणाली, "अहो सर, भाऊ आहे तो, येईल की."

भाऊजी दार धरून उभे होते. त्यांच्या मानेवरची शीर मला दिसत होती. ते ह्यांच्याकडे पाहत नव्हते, माझ्या प्लास्टरकडे पाहत होते.

"सर, आत चला," ते म्हणाले. "हे दार जास्त वेळ धरून ठेवता येत नाही."

आम्ही आत गेलो. त्यांनी हात काढला आणि दार लागलं.